इतिहासाच्या अध्यापनात पडद्यावरील चित्रकथेचा उपयोग

इतिहास हा विषय विद्यार्थ्यांस नीरस वाटतो, अशी तक्रार शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येते. या तक्रारीचे मूळ विषयाच्या स्वरूपातच आहे. निसर्गविज्ञान शिकविणारा शिक्षक ज्वारीचे ताट वर्गात आणून त्याचे मूळ, खोड व कणीस दाखवू शकतो. भूगोल शिकविणारा शिक्षक मुलांना भीमेच्या किंवा सीनेच्या काठावर नेऊ शकतो. इतिहासाच्या शिक्षकाला मात्र जे घडून गेले ते पुन्हा आणून दाखविता येत नाही. त्याच्या हाती शब्द तेवढे उरतात, आणि ज्या शब्दामागे मुलाच्या मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही, तो शब्द मूल पाठ करते व परीक्षेनंतर विसरते. ‘लष्करी कायदा पुकारण्यात आला’ हे वाक्य सातवी-आठवीतील मूल बिनचूक लिहिते. परंतु त्या दिवशी रस्त्यावर कोण उभे होते, दुकाने उघडी होती की बंद, लोकांना घराबाहेर पडता येत होते की नाही, असे विचारले असता ते गप्प बसते.

ही उणीव भरून काढण्याचे एक साधन म्हणजे चित्रकथा होय. क्रमाने मांडलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक प्रसंग, पात्रांच्या तोंडी फुग्यांत लिहिलेले संवाद व वर किंवा खाली निवेदनाची ओळ, असे तिचे सर्वपरिचित रूप आहे. ही चित्रकथा कागदाऐवजी भ्रमणध्वनीच्या, संगणकाच्या किंवा वर्गातील दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर दाखविली, म्हणजे तिला अंकीय चित्रकथा म्हणतात. माध्यमिक शाळांत इतिहासासाठी तिचा उपयोग करण्याविषयी अलीकडे पुष्कळ चर्चा होते. जिल्हा परिषदेच्या शाळांतील पाचवी ते आठवीच्या वर्गांनाही ती तितकीच लागू पडते, कारण माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलाची इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी याच वर्गांत घडत असते.

चित्रकथेची आपल्याकडील परंपरा

चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक श्रोत्यांसमोर धरून वाद्यांच्या साथीने कथा सांगत आले आहेत. या कलेचे जतन केल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्र समोर धरावयाचे, त्यावर बोलावयाचे व श्रोत्याची उत्सुकता वाढली की पुढचे चित्र काढावयाचे, ही चित्रकथ्याची रीत वर्गशिक्षकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

छापील चित्रकथेचा प्रसार त्यानंतरचा. मुलांसाठी ‘चांदोबा’ मासिक १९५२ साली मराठीत सुरू झाले. त्यातील सचित्र गोष्टींनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ ही माला सुरू केली आणि पुराणे, संतचरित्रे व ऐतिहासिक व्यक्ती हे तिचे मुख्य विषय ठरले. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघू लागले. त्याचे जुने अंक आता मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात.

परदेशांतही या साधनाचा गंभीर उपयोग झालेला आहे. अमेरिकेतील माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराची हकीगत सांगणारी सोळा पानांची एक चित्रपुस्तिका १९५७ साली दहा सेंट किमतीस काढण्यात आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कार्याबरोबरच महात्मा गांधींच्या अहिंसक लढ्याची ओळखही तीत करून दिली होती. ती वाचून प्रभावित झालेल्या तरुणांपैकी जॉन लुईस पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले, आणि त्यांनी स्वतःच्या आठवणी ‘मार्च’ या नावाने २०१३ ते २०१६ या काळात तीन चित्रखंडांतच प्रसिद्ध केल्या. आपल्या देशात २०११ साली निघालेल्या ‘भीमायन’ या ग्रंथात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील प्रसंग रेखाटले आहेत. नेहमीच्या चौकोनी चौकटी न वापरता आपल्या परंपरेतील वळणदार रेषांनीच त्यांनी पाने विभागली आहेत. चित्रकथा म्हणजे हलकेफुलके मनोरंजन, हा समज अशा ग्रंथांनी खोटा ठरविला आहे.

चित्रकथेने मूल शिकते कसे

चलच्चित्रपटाचा वेग यंत्राच्या हाती असतो. चित्रकथेचा वेग वाचणाऱ्याच्या हाती राहतो. मंदगतीने वाचणारे मूल एका चौकटीवर हवे तितके थांबू शकते, मागे जाऊ शकते, चित्रातील पोशाख, हत्यारे, घरे व चेहरे निरखू शकते. ज्या मुलास परिच्छेद वाचणे जड जाते, त्यास चित्राचा आधार मिळाल्याने संवादातील कठीण शब्दाचा अर्थ संदर्भाने लागतो. मिश्र क्षमतेच्या वर्गात हा लाभ लहान नव्हे.

दोन चौकटींमध्ये जी मोकळी फट असते तिचे महत्त्व याहून अधिक आहे. पहिल्या चौकटीत सभेत बोलणारा मनुष्य आहे व दुसऱ्या चौकटीत तोच तुरुंगाच्या गजांआड आहे, असे समजा. मधला भाग चित्रकाराने काढलेला नसतो. तो वाचणारे मूल आपल्या मनाने भरते. त्याला पकडले कोणी? खटला झाला का? मध्ये किती दिवस गेले? इतिहास शिकणे म्हणजे याच प्रश्नांची उत्तरे पुराव्याच्या आधारे शोधणे होय. म्हणून जो शिक्षक चौकट वाचून दाखवितो व पुढे सरकतो, तो या साधनाचा अर्धाच उपयोग करतो. फटीपाशी थांबून प्रश्न विचारणारा शिक्षक त्याचा पूर्ण उपयोग करून घेतो.

पडद्यावरील चित्रकथेचे विशेष

कागदावरील चित्रकथेपेक्षा पडद्यावरील चित्रकथेत काही सोयी अधिक आहेत. एकच प्रत चाळीस मुलांना एकदम दिसते. चित्राचा एखादा कोपरा मोठा करून दाखविता येतो. संवादाचे फुगे रिकामे ठेवून ते मुलांकडून भरून घेता येतात. चूक आढळली तर पुस्तक टाकून द्यावे लागत नाही, ती जागेवर सुधारता येते. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक सोय मोलाची आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत; सोलापूर शहरात तेलुगू व उर्दू बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. चित्रे तीच ठेवून फुग्यांतील भाषा तेवढी बदलली, की तीच चित्रकथा मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही माध्यमांच्या शाळांत चालू शकते. मुलांनी घरच्या भाषेतून हे रूपांतर केल्यास भाषेचाही अभ्यास घडतो.

अंकीय साधने खेड्यातील शाळेस परकी आहेत, असे आता म्हणता येत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांना ध्वनिमुद्रित कविता, पाठांच्या चित्रफिती व स्वाध्याय भ्रमणध्वनीवर उपलब्ध करून दिले. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही पुढे असे कोड छापले जाऊ लागले, आणि डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. ज्या कोडाने कविता ऐकविता येते, त्याच कोडाने चित्रकथाही दाखविता येते. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ २०१७ साली सुरू झाले. केंद्रीय मंडळाच्या शाळांतील शिक्षक व विद्यार्थी यांनी केलेल्या, तिसरी ते बारावीच्या पाठ्यपुस्तकांशी संबंधित शंभराहून अधिक चित्रकथा त्यावर मार्च २०२१ मध्ये ठेवण्यात आल्या. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मुलांच्या सचित्र गोष्टी मुक्त परवान्याने मिळतात, त्यांत मराठी गोष्टीही आहेत, आणि तेथील चित्रे घेऊन नवी गोष्ट रचण्याची मुभा आहे. विकत घेतलेल्या चित्रपुस्तकाची पाने छायाचित्रे काढून सर्वत्र पाठविण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते कायद्यास धरून नाही आणि मुलांसमोर चांगला आदर्शही ठेवीत नाही.

एक उदाहरण : सोलापूर, १९३०

तयार चित्रकथा दाखविण्यापेक्षा मुलांकडून चित्रकथा रचून घेणे अधिक फलदायी ठरते. आणि त्यासाठी विषय आपल्या जिल्ह्यातला असावा. १९३० सालचा सोलापूरचा लढा हा असा विषय आहे. त्याची मांडणी बारा चौकटींत पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिल्या चौकटीत नकाशा व सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दाखवावी, म्हणजे हे कामगारांचे शहर होते हे मुलांच्या ध्यानी येईल. दुसरीत १२ मार्च १९३० रोजी निघालेली दांडीयात्रा व ६ एप्रिलचा मिठाचा सत्याग्रह यावा. तिसरीत ५ मे रोजी गांधीजींना झालेली अटक व ती बातमी सोलापुरात पोचल्याचा प्रसंग. चौथीत शहरातील हरताळ. पाचवी चौकट ८ मेची : शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून पोलीस व लोक यांच्यात उडालेला संघर्ष, गोळीबार व त्यात शंकर शिवदारे या तरुणाचा झालेला मृत्यू. सहावीत त्याच दिवशी मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर उसळलेला क्षोभ व त्यात झालेली दोन पोलिसांची हत्या. सातवीत ९ ते ११ मे हे तीन दिवस, जेव्हा सरकारचा अंमल शहरावरून उठल्यासारखा झाला होता. आठवीत १२ मे रोजी पुकारलेला लष्करी कायदा. नववीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांवर चाललेला खटला. दहावी चौकट दुभंगलेली असावी. तिचा विचार पुढे केला आहे. अकरावीत १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना दिलेली फाशी. बारावीत सोलापूर शहरातील चार हुतात्म्यांचे पुतळे व त्यांच्यासमोरून जाणारी आजची माणसे.

या बारा चौकटी समोर असल्या की कालगणनेचा पाठ आपोआप होतो. पाचवी व सहावी यांच्यामध्ये काही तासांचे अंतर आहे. आठवी व अकरावी यांच्यामध्ये बरोबर आठ महिने गेले आहेत. अकरावी व बारावी यांच्यामध्ये तर नव्वदाहून अधिक वर्षे आहेत. कागदावर मात्र सर्व फटी सारख्याच रुंद दिसतात. प्रत्येक फटीखाली मध्ये गेलेला काळ लिहावयास सांगावे. १२ जानेवारी हा दिवस मकरसंक्रांतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास येतो, हे ध्यानात आणून दिले तर जिल्ह्यातील मुलांना ही तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही.

आता दहाव्या चौकटीविषयी. पोलिसांच्या हत्येत या चौघांचा हात होता, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते व न्यायालयाने ते मान्य केले. लोकांचा मात्र त्यावर विश्वास बसला नाही. निरपराध देशभक्तांना फासावर चढविले, अशीच भावना सोलापुरात व सोलापुराबाहेर राहिली. चित्रकाराने सहाव्या चौकटीत हल्ला करणाऱ्यांचे चेहरे स्पष्ट काढले, तर चौघांपैकी कोणी तेथे होता किंवा नव्हता याचा निकाल त्याने शाईच्या एका रेषेने लावून टाकल्यासारखे होते. लेखकाला ‘असा आरोप होता’ असे लिहून मोकळे होता येते. चित्रात ‘आरोप’ काढता येत नाही, कृतीच काढावी लागते. म्हणून सहाव्या चौकटीत गर्दी पाठमोरी दाखवावी, आणि दहाव्या चौकटीचे दोन भाग करून डावीकडे न्यायालयातील सरकारपक्षाचे निवेदन व उजवीकडे रस्त्यावरील लोकांचे म्हणणे मांडावे. कोणाचा दावा कशावर आधारलेला आहे, हे मुलांना पुढे विचारता येते. इतिहासातील पुराव्याविषयी याहून चांगला पाठ पाठ्यपुस्तकातून देणे कठीण आहे.

या लढ्याचे आणखी एक अंग चित्रात उतरले पाहिजे. चार हुतात्मे एका जातीचे वा एका धर्माचे नव्हते. त्यांची नावे एकत्र वाचली की सोलापूर हे कोणकोणत्या समाजांचे शहर होते हे कळते. चौघांना सारखे स्थान मिळेल अशीच चौकट काढावी. एकास मध्यभागी व इतरांस कडेला ठेवल्यास, शब्दाने न सांगितलेली गोष्ट चित्र सांगून जाते.

चित्रातील सत्य कसे तपासावे

चित्रकाराला काहीच मोघम ठेवता येत नाही. ‘दामाजीपंतांच्या घरी पाहुणे जेवावयास बसले’ असे लिहिता येते. पण चित्र काढावयाचे तर ताटात काय आहे ते ठरवावे लागते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा बहमनी राजवटीच्या काळातील मानली जाते. एखाद्या मुलाने त्यांच्या ताटात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी काढली, तर ते सोलापूरकरास साहजिकच वाटेल. परंतु भुईमूग व मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातील पिके आहेत. कोलंबसाची सफर १४९२ सालची व वास्को द गामा कालिकतला पोचला तो १४९८ साली. तेव्हा पंधराव्या शतकातील त्या पंगतीत ज्वारीची भाकरी चालेल, चटणी चालणार नाही, टोमॅटो, बटाटा किंवा मका यांचे तर नावच नको. ही चूक मुलाने केली म्हणून त्याचे गुण कापू नयेत. ‘हे पीक येथे केव्हा आले?’ हा प्रश्न त्याच्या हाती द्यावा. एका चटणीवरून शेतीचा, व्यापाराचा व सागरी सफरींचा इतिहास शिकविता येतो.

दामाजीपंतांच्याच कथेत दुसराही धडा आहे. विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम बेदरच्या बादशहाकडे भरली, हा भाग भक्तांच्या श्रद्धेचा आहे. त्याचा उपहास करण्याचे कारण नाही व त्यास दप्तरातील नोंदीचे स्थान देण्याचेही कारण नाही. चित्रकथेत आख्यायिकेचा भाग नागमोडी किनारीच्या चौकटीत व आधार असलेला भाग सरळ किनारीच्या चौकटीत काढावा, असा संकेत वर्गाने ठरवून घ्यावा. हा संकेत एकदा रुजला की मूल पुढे कोणतेही ऐतिहासिक चित्र पाहताना त्याची किनार कोणती असावयास हवी, हे मनाशी ठरवू लागते.

चित्र चुकले तर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून भलत्याच व्यक्तीचे चित्र एके काळी छापले जात असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डच कागदपत्रांच्या आधारे महाराजांचे विश्वसनीय चित्र उजेडात आणले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. एका चित्रासाठी संशोधकाला जे श्रम पडले, ते वर्गात सांगितल्यावाचून राहू नयेत.

काही धोके

या साधनाचे धोकेही शिक्षकाने ओळखून असावे. पहिला धोका शत्रुपक्षाच्या चित्रणाचा. नायक गोरा व देखणा, प्रतिपक्षातील सर्व माणसे काळी, विद्रूप व क्रूर, असा साचा लोकप्रिय चित्रकथांत वारंवार आढळतो. ‘अमर चित्रकथे’वरही अभ्यासकांनी या प्रकारची टीका केली आहे. वर्गातील एखाद्या मुलास आपल्या धर्माचे किंवा आपल्या रंगाचे मनुष्य नेहमी खलपुरुषाच्या जागीच दिसू लागले, तर त्याचा घाव खोल जातो, आणि इतर मुलांच्या मनात जे घर करते ते त्याहूनही वाईट. राजकीय संघर्ष हा राजकीय संघर्ष म्हणूनच दाखवावा.

दुसरा धोका नाट्यमयतेचा. सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले व रणांगणावरील जखमींची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला, आणि पुष्कळांच्या मनात आज कोटणीसांचे जे रूप आहे ते त्या चित्रपटातील आहे. चित्रपटातील संवाद लेखकाने रचलेले असतात, ही गोष्ट मुलांना सांगावी लागते. चित्रकथेतही तोच नियम पाळावा. कागदपत्रांत आढळलेले उद्गार असतील तर फुग्याला गडद रेघ व कल्पनेने घातलेले उद्गार असतील तर तुटक रेघ, एवढी खूण पुरेशी आहे.

तिसरा धोका अगदी अलीकडचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना दोन ओळी सांगितल्या की ती क्षणात रंगीत चित्र काढून देतात. अशी चित्रे दिसावयास देखणी, पण त्यांना साक्ष कशाचीच नसते. सतराव्या शतकातील सैनिकाच्या अंगावर नंतरच्या काळातील गणवेश, गडावर कधीही नसलेले घुमट, फलकांवर निरर्थक अक्षरे अशा चुका त्यांत सहज शिरतात. शिक्षकाने अशी चित्रे वापरावयाचीच झाल्यास ती तपासणीचा स्वाध्याय म्हणून वापरावीत : ‘या चित्रातील काळाशी विसंगत गोष्टी शोधा.’ ऐतिहासिक व्यक्तींची अशी चित्रे खरी म्हणून भिंतीवर लावू नयेत.

वर्गातील कार्यपद्धती

एका घटनेवरील चित्रकथेस साधारणतः पाच तासिका लागतात. पहिल्या तासिकेत घटना सांगून तारखा फळ्यावर लिहाव्यात व मुलांनी कोणती माहिती घरून वा गावातून आणावयाची हे ठरवावे. गावातील वृद्धांच्या आठवणी, देवळातील वा वेशीवरील शिलालेख, जुनी छायाचित्रे व ग्रामपंचायतीचे जुने कागद यांचा त्यांत समावेश होऊ शकतो. दुसऱ्या तासिकेत जमलेली माहिती तीन गटांत विभागावी : आधार असलेली, अनुमानाने काढलेली व केवळ ऐकीव. तिसऱ्या तासिकेत आठ ते बारा चौकटी ठरवून प्रत्येकीत काय येईल हे एका ओळीत लिहावे. चित्र काढण्यापूर्वी ही ओळ लिहिणे आवश्यक आहे. तसे न केल्यास मुले लढाईच्या एकाच चित्रात सर्व वेळ घालवितात.

चौथ्या तासिकेत चित्रे काढावीत. त्यासाठी संगणकावरील चित्रकला येणे गरजेचे नाही. कोऱ्या कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर मुलांनी पेन्सिलीने व शाईने चित्रे काढावीत, शिक्षकाने दिवसाच्या उजेडात भ्रमणध्वनीने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, ती क्रमाने लावावीत व फुग्यांतील मजकूर नंतर टाइप करावा. ज्यास चित्र येत नाही अशा मुलाने संवाद लिहावे, तारखा तपासाव्यात किंवा निवेदन वाचून ध्वनिमुद्रित करावे. पाचव्या तासिकेत चित्रकथा वर्गासमोर दाखवावी, प्रत्येक फटीपाशी थांबावे व दुसऱ्या गटाने शंका विचाराव्यात.

ज्या शाळेत दूरचित्रवाणी संच नाही किंवा वीज खात्रीची नाही, तेथेही काम अडत नाही. एका भ्रमणध्वनीभोवती सहा मुलांचा गट बसवून एकामागून एक गटास दाखवावे. उरलेल्या गटांनी त्या वेळात मूळ कागदी चौकटी दोरीवर क्रमाने अडकवाव्यात. चौकटी मुद्दाम उलटसुलट करून त्या योग्य क्रमाने लावावयास सांगणे, हा कालक्रमाचा उत्तम खेळ आहे. आंतरजाल नसल्यास चित्रे आधीच भ्रमणध्वनीत साठवून ठेवावीत. मुलांची छायाचित्रे, पूर्ण नावे व घराचे पत्ते असा मजकूर सार्वजनिक ठिकाणी प्रसिद्ध करू नये. चित्रकथेखाली शाळेचे व इयत्तेचे नाव पुरे.

मूल्यमापन

मूल्यमापन करताना सुंदर चित्राला सर्व गुण देऊन टाकण्याची चूक सहज होते. चित्रकला हा या पाठाचा हेतू नसून इतिहास हा हेतू आहे. म्हणून चार गोष्टी पाहाव्यात : घटनांचा क्रम बरोबर आहे काय, पोशाख, वस्तू व स्थळे त्या काळाशी जुळतात काय, आधार, अनुमान व कल्पना यांच्या खुणा नीट केल्या आहेत काय, आणि विरोधी पक्षाचे म्हणणे न्यायाने मांडले आहे काय. प्रत्येक चित्रकथेबरोबर एक ‘आधारवही’ असावी. तीत चौकटीचा क्रमांक व त्या चौकटीतील माहिती कोठून मिळाली हे लिहिलेले असावे. ‘आजोबांनी सांगितले’ हाही आधारच आहे. मात्र तो तसाच लिहिला गेला पाहिजे.

चित्रकथेने पाठ्यपुस्तकाची जागा घ्यावी, अशी अपेक्षा नाही. वर्षातून दोन किंवा तीन घटना या रीतीने सविस्तर शिकविल्या तरी पुरे आहे. बाकीचे धडे वाचतानाही तीच दृष्टी मुलांच्या उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत अशा घटनांना तोटा नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये केलेले उपोषण, पंढरपुरातील चोखोबांची समाधी, सोलापूरचा भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे तळे, गिरण्यांचा उदय व अस्त, आणि गावातील एखादी पडकी वेस हे सर्व चौकटीत येण्यासारखे विषय आहेत. हातातील भ्रमणध्वनीवर दिवसाकाठी शेकडो चित्रे पाहणाऱ्या मुलाला, चित्र पाहून ते कोणी काढले व कशाच्या आधारे काढले हे विचारण्याची सवय लागणे आज अत्यंत निकडीचे आहे. ती सवय लावण्याचे काम इतिहासाच्या तासिकेत होऊ शकते. आगामी सत्रात प्रत्येक शाळेने आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एक घटना निवडून तिची बारा चौकटींची चित्रकथा आधारवहीसह तयार करावी व केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर शाळांच्या शिक्षकांसमोर ठेवावी, म्हणजे एका शाळेचा अनुभव दुसरीच्या उपयोगी पडेल.